शेवटचा आकडा किती खरा?

‘मशीन डिजिटल आहे, म्हणजे आकडा बरोबरच असणार.’ ओपीडीत दिवसातून दोन-चार वेळा तरी हे वाक्य कानावर येतं. शुगर काल १५१ होती, आज १४२ आली, म्हणून गोळी अर्धी करू का? बीपी १३८ होतं, आता १४१ दाखवतंय, वाढलं का? प्रश्न विचारणारे लोक अडाणी नसतात. उलट घरी वही ठेवून रोजच्या नोंदी करणारे, जागरूक रुग्णच असे प्रश्न विचारतात. त्यांच्या काळजीत काही चूक नाही. गैरसमज आहे तो काचेवर उमटलेल्या शेवटच्या आकड्याबद्दल. यंत्र जो आकडा दाखवतं तो त्याला खरोखर कळलेला असतो, असं आपण धरून चालतो. दाखवणं आणि कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा फरक समजून घ्यायला वैद्यकीय उपकरणांपेक्षा इलेक्ट्रिशियनच्या पिशवीतला डिजिटल मल्टिमीटर बरा. त्याची माहितीपुस्तिका या बाबतीत बरीच प्रामाणिक असते. किती बारीक दाखवणार आणि किती खरं दाखवणार, हे तिथे वेगवेगळ्या रकान्यांत छापलेलं असतं. बहुतेक जण पहिला रकाना वाचतात, दुसरा वाचत नाहीत.

साडेतीन आकडी म्हणजे काय?

दुकानात मल्टिमीटर मागितला की ‘साडेतीन डिजिटचा देऊ की साडेचार?’ असं विचारतात. अर्धा आकडा हा काय प्रकार? बाजारात सगळीकडे मिळणाऱ्या साध्या पिवळ्या मीटरवर चार घरं असतात. उजवीकडच्या तीन घरांत ० ते ९ यांपैकी कोणताही आकडा येऊ शकतो. डावीकडच्या पहिल्या घरात मात्र फक्त १ उमटतो, नाहीतर ते घर रिकामं राहतं. त्या घराची धाव अपुरी, म्हणून ते ‘अर्धं’. असा मीटर जास्तीत जास्त १९९९ दाखवू शकतो. शून्यासह मोजल्या तर या एकूण २००० पायऱ्या झाल्या. पायरीला या धंद्यात ‘काउंट’ म्हणतात. साडेतीन आकडी मीटर २००० काउंटचा असतो, तर साडेचार आकडी २०,००० काउंटचा. अलीकडे ४००० किंवा ६००० काउंटचेही मीटर मिळतात. त्यांना ‘पावणेचार आकडी’ म्हणण्याची पद्धत आहे, पण सगळ्या कंपन्या त्याचा अर्थ एकच लावतात असं नाही. म्हणून आकड्यांच्या अपूर्णांकापेक्षा काउंट विचारणं सोपं आणि खात्रीचं.

आता नव्या पेन्सिल सेलचा व्होल्टेज मोजू. मीटरची कळ २ व्होल्टच्या रेंजवर ठेवली तर काचेवर १.५६२ येईल. कळ २० व्होल्टवर नेली तर १.५६, २०० व्होल्टवर १.५ किंवा १.६, आणि १००० व्होल्टच्या रेंजवर नुसता १ किंवा २. सेल तोच, मीटरही तोच, बदलली ती फक्त पायरीची उंची. पहिल्या रेंजवर एक पायरी व्होल्टच्या हजाराव्या भागाएवढी होती, शेवटच्या रेंजवर अख्ख्या व्होल्टची झाली. पायरीच्या या उंचीला रिझोल्युशन म्हणतात. यंत्राला दाखवता येणारा सगळ्यात लहान फरक, एवढाच त्याचा अर्थ. मोजायची गोष्ट मावेल अशी सगळ्यात लहान रेंज निवडावी, हा नियम त्यातूनच निघतो.

भिंतीवरच्या सॉकेटमधले २३० व्होल्ट या मीटरच्या २०० च्या रेंजमध्ये मावत नाहीत. वरची रेंज घ्यावी लागते आणि तिथे पायरी एका व्होल्टची होते. ६००० काउंटच्या मीटरवर तोच व्होल्टेज २३०.४ असा दिसतो. ग्राहक म्हणतो, हा मीटर जास्त अचूक. तसं म्हणायला अजून तरी आधार नाही. हा मीटर जास्त बारीक दाखवतो, एवढंच आतापर्यंत सिद्ध झालं.

दुसरा रकाना

अचूकतेच्या रकान्यात ±(०.५% + २ डिजिट) अशी काहीशी नोंद असते. तिचे दोन भाग आहेत. दाखवलेल्या आकड्याच्या अर्धा टक्का इकडेतिकडे होऊ शकतं, हा पहिला भाग. त्याशिवाय शेवटच्या घरात दोनपर्यंत फरक पडू शकतो, हा दुसरा. रुग्णवाहिकेच्या किंवा ऑपरेशन थिएटरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीचं उदाहरण घेऊ. २० व्होल्टच्या रेंजवर आकडा आला १२.६०. त्याचा अर्धा टक्का ०.०६ आणि वर दोन डिजिट म्हणजे ०.०२, मिळून ०.०८. खरा व्होल्टेज १२.५२ ते १२.६८ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. काचेवरचं शेवटचं शून्य ही निव्वळ शोभा आहे. हीच बॅटरी चुकून २०० व्होल्टच्या रेंजवर मोजली, तर १२.६ दिसेल. तिथे दोन डिजिट म्हणजे ०.२, आणि एकूण शंका पाव व्होल्टच्याही थोडी पुढे जाते. पूर्ण भरलेल्या आणि निम्म्या भरलेल्या लेड-ॲसिड बॅटरीच्या व्होल्टेजमध्ये फरक असतो जेमतेम अर्ध्या व्होल्टचा. चुकीच्या रेंजवर मोजणाऱ्याला त्यातला निम्मा फरक आधीच दिसेनासा झालेला असतो.

दहा मिनिटं पुढे असलेल्या घड्याळालाही सेकंदकाटा असतो आणि तो इमानाने टिकटिक करतो. त्या सेकंदकाट्याकडे बघून गाडी पकडायला निघणाऱ्याची जी गत, तीच फक्त रिझोल्युशन बघून यंत्र घेणाऱ्याची. उलट, वखारीतल्या वजनकाट्यात काही खोट नसली तरी त्यावर सोनं तोलता येत नाही. अचूकता असून रिझोल्युशन अपुरं, असंही होऊ शकतं. दोन्ही बघावं लागतं.

साध्या मीटरची हद्द

रुग्णालयात हा फरक थेट जिवाशी येतो तो गळतीच्या करंटच्या बाबतीत. ईसीजी, मॉनिटर, डिफिब्रिलेटर अशी यंत्रं रुग्णाच्या शरीराला तारांनी जोडलेली असतात. त्यांतून रुग्णाच्या अंगात किती करंट झिरपला तर चालतो, याच्या मर्यादा ‘आयईसी ६०६०१’ या आंतरराष्ट्रीय मानकात दिल्या आहेत. हृदयाशी थेट जोडल्या जाणाऱ्या भागांसाठी यंत्र ठीकठाक चालू असताना ही मर्यादा फक्त १० मायक्रोअँपिअर आहे. इतर बहुतेक भागांसाठी ती १०० मायक्रोअँपिअर.

साध्या पिवळ्या मीटरवर एसी करंट मोजायची सोय बहुधा नसतेच. थोड्या महागड्या, २००० काउंटच्या मीटरवर २० मिलिअँपिअरची रेंज असली, तरी तिची एक पायरी होते १० मायक्रोअँपिअरची. जी मर्यादा तपासायची, तीच या मीटरची सगळ्यात छोटी पायरी. त्यावर अचूकतेच्या रकान्यात ३ डिजिट लिहिले असतील, तर मर्यादेच्या तिप्पट करंट असूनही काचेवर शून्य दिसू शकतं. मीटर शून्य दाखवतोय म्हणून यंत्र सुरक्षित आहे, असा निष्कर्ष इथे काढताच येत नाही. या तपासणीसाठी इलेक्ट्रिकल सेफ्टी ॲनालायझर हे वेगळं उपकरण लागतं. ते ज्या रुग्णालयात नाही तिथे ते मागवणं, किंवा ज्यांच्याकडे आहे त्यांना बोलावून ठरावीक मुदतीने तपासणी करून घेणं, हाच मार्ग आहे.

ग्लुकोमीटरचा पंधराचा हिशेब

घरोघरी आज जी यंत्रं आहेत, त्यांच्याकडे आता याच नजरेने पाहू. ग्लुकोमीटर १ मिलिग्रॅमच्या पायरीने आकडा दाखवतो. हे त्याचं रिझोल्युशन. त्याच्या अचूकतेसाठी ‘आयएसओ १५१९७’ या मानकाची २०१३ सालची आवृत्ती सांगते की, शुगर १०० च्या खाली असेल तर १०० पैकी ९५ वाचनं प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ मिलिग्रॅमच्या आत असावीत. शुगर १०० किंवा त्याहून जास्त असेल तर १५ टक्क्यांच्या आत. म्हणजे मानकात बसणारा, चांगला मीटर १५० दाखवत असेल, तर खरी शुगर साधारण १३० ते १७५ च्या दरम्यान असू शकते. काल १५१ आणि आज १४२ हा ‘नऊने उतार’ मीटरच्या पोटातच मावतो. औषध लागू पडलं की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

त्यात आपण हाताने आणखी चूक घालतो. फळ सोलून हात न धुता टोचलं तर आकडा उगाच वाढतो. पट्ट्यांची बाटली उघडी राहिली किंवा मुदत संपली तरी बिघाड होतो. रक्त कमी असलेल्या व्यक्तीत अनेक मीटर खऱ्यापेक्षा जास्त शुगर दाखवतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत म्हणूनच ही बाब किरकोळ नाही. मधुमेहाचं निदान ग्लुकोमीटरवर करत नाहीत, त्यासाठी शिरेतलं रक्त प्रयोगशाळेत पाठवतात, त्याचं कारण हेच.

मग घरचा ग्लुकोमीटर कपाटात ठेवून द्यायचा का? मुळीच नाही. तो कल सांगायला उत्तम आहे. आठवडाभर रोज सकाळी १८० च्या आसपास येणारी शुगर आणि १२० च्या आसपास येणारी शुगर यांत तो नक्की फरक करतो. आणि एक गोष्ट ठळकपणे लक्षात ठेवा. आकडा ७० च्या खाली गेला, किंवा आकडा काहीही असो, घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणं आली, तर मीटरच्या अचूकतेची चर्चा करत बसू नका. माणूस शुद्धीवर असेल तर आधी साखर द्या. इन्शुलिनचे युनिट मात्र एका वाचनावर, ‘१५० च्या वर एक’ अशा हिशेबाने स्वतःच वाढवू नका. १४८ आणि १५२ हे मीटरच्या दृष्टीने एकच आहेत.

बीपी आणि ऑक्सिमीटर

बीपीच्या पाऱ्याच्या जुन्या यंत्रावर २ मिलिमीटरच्या खुणा होत्या. माणसं शेवटचा आकडा शून्यावर आणून लिहीत, म्हणून कागदोपत्री सगळ्यांचं बीपी १३० नाहीतर १४०. डिजिटल यंत्राने ती खोड मोडली हे बरंच झालं. पण पारा होता तेव्हा उंची हेच माप होतं, त्यात बिघडण्यासारखं फार नव्हतं. पाऱ्याच्या वापरावर मर्यादा घालणाऱ्या मिनामाटा कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि पाऱ्याची यंत्रं निरोप घेऊ लागली. पर्यावरणाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मात्र त्यामुळे इलेक्ट्रॉनिक यंत्रं वेळोवेळी तपासून घेण्याची जबाबदारी वाढली.

डिजिटल बीपी यंत्राची पायरी १ मिलिमीटरची असते. मानकाच्या चाचणीत मात्र सरासरी चूक ५ मिलिमीटरपर्यंत आणि तिचा फैलाव, म्हणजे प्रमाण विचलन, ८ मिलिमीटरपर्यंत मान्य असतं. चाचणीत उत्तीर्ण झालेलं यंत्रसुद्धा एखाद्या विशिष्ट व्यक्तीच्या दंडावर दहाएक मिलिमीटरने चुकू शकतं. बसण्याची पद्धत वेगळीच. हात हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटीमीटर खाली लोंबत असेल तर बीपी सुमारे ८ मिलिमीटरने जास्त येतं. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तरीही आकडा चढतो. एवढी सगळी गडबड होत असताना १३८ आणि १४१ यांच्यातल्या तीन मिलिमीटरवर झोप उडवण्यात अर्थ नाही. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, हात टेबलावर ठेवा, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा. वर्षातून एकदा घरचं यंत्र दवाखान्यात घेऊन या आणि तिथल्या तपासलेल्या यंत्राशी ताडून पाहा.

कोविडच्या काळात ऑक्सिमीटरचं काय झालं ते अजून विसरण्यासारखं नाही. ९४ किंवा त्याहून जास्त म्हणजे सौम्य, ९० ते ९३ म्हणजे मध्यम, अशी वर्गवारी होती. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरची चूक दोन ते तीन अंकांची धरावी लागते. ९३ आणि ९४ यांच्यामधली रेघ यंत्राच्या चुकीपेक्षा बारीक होती आणि त्या रेघेवर खाट मिळायची किंवा मिळायची नाही. नियमाला कुठेतरी रेघ ओढावीच लागते, त्याला इलाज नाही. पण रेघेच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या माणसाकडे पाहताना श्वासाची गती, धाप आणि सहा मिनिटं चालल्यावर होणारा बदल पाहायचा असतो, तो याचसाठी. २०२० च्या अखेरीस ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांवरचा अभ्यास आला. ऑक्सिमीटरवर ९२ ते ९६ दिसत असताना रक्तातलं प्रत्यक्ष प्रमाण ८८ च्या खाली असण्याचा प्रकार कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या सुमारे तिप्पट आढळला. सावळ्या कातडीच्या आपल्या देशाने ही गोष्ट मनावर घ्यायला हवी.

पायरीच मोठी पडते तेव्हा

आतापर्यंतच्या सगळ्या उदाहरणांत रिझोल्युशन गरजेपेक्षा जास्त होतं. उलट प्रकारही आहे आणि तो नवजात बाळांच्या जिवाशी निगडित आहे. पहिला आठवडा-दहा दिवस उलटले की निरोगी बाळाचं वजन दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅमने वाढतं. ज्या काट्यावर १०० ग्रॅमच्या खुणा आहेत, त्यावर तीन दिवसांची वाढ दिसतच नाही. दूध पुरत नसलेलं बाळ आणि अंगी लागलेलं बाळ तिथे सारखीच दिसतात. आशा कार्यकर्ती घरी जाऊन कमी वजनाच्या बाळाचा पाठपुरावा करते, तेव्हा तिच्या हातात बारीक पायरीचा काटा हवा. आणि तो खरा आहे की नाही, हे एक किलोचं प्रमाणित वजन ठेवून महिन्यातून एकदा पाहायला हवं. किराणा दुकानातल्या वजन-काट्यावर वैध मापन शास्त्र विभागाचा शिक्का असतो, तो ठरावीक मुदतीने नव्याने मारून घ्यावा लागतो. दवाखान्यातल्या वजनकाट्यावर असा शिक्का पाहिल्याचं किती जणांना आठवतं?

काय करायला हवं?

१ एप्रिल २०२० पासून देशात सर्वच वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. नियम आले, पण खरेदीच्या टेबलावरची नजर अजून बदललेली नाही. निविदेत ‘डिजिटल डिस्प्ले, मोठे आकडे, एक दशांश स्थळ’ असं लिहिलं जातं. त्याच ओळीत अचूकता किती, कोणत्या मानकानुसार, कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र ‘एनएबीएल’ची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचं आहे का आणि दरवर्षीच्या कॅलिब्रेशनचा खर्च कोण करणार, हे चार प्रश्न आले पाहिजेत. एकदा घेतलेलं यंत्र न तपासता वर्षानुवर्षं वापरणं ही काटकसर नव्हे. बिघडलेल्या यंत्राचा खर्च रुग्णाच्या चुकलेल्या औषधातून वसूल होत असतो.

कंपन्यांनी ग्लुकोमीटर आणि बीपी यंत्राच्या खोक्यावर रिझोल्युशनच्या शेजारीच, तेवढ्याच ठळक अक्षरांत, मराठीत अचूकता छापावी. ‘हा आकडा १५ टक्क्यांनी कमी-जास्त असू शकतो’ हे एक वाक्य पुरेसं आहे. प्रयोगशाळांनीही अहवालात कोलेस्टेरॉल दोन-दोन दशांश स्थळांपर्यंत छापणं थांबवावं. पद्धतीला न कळणारे आकडे छापले की रुग्णाला खोटी खात्री मिळते, कधी खोटी भीती.

घरात मल्टिमीटर घेणाऱ्यांसाठीही एक सूचना. आकड्यांची घरं मोजताना मीटरवर आणि त्याच्या तारांवर छापलेली सुरक्षेची ‘कॅट’ श्रेणी आणि त्यापुढचा व्होल्टेज आधी पाहा. सॉकेटमधली वीज तपासायची असेल तर किमान ‘कॅट दोन, ३०० व्होल्ट’ हवंच आणि घराच्या मुख्य पॅनेलपाशी ‘कॅट तीन’. जादा आकडा नसला तर काही बिघडत नाही, पण ही श्रेणी नसली तर हात भाजू शकतो, जीवही जाऊ शकतो.

कोणत्याही यंत्रापुढे उभं राहिल्यावर दोन प्रश्न विचारायची सवय लावून घेतली तरी बरंच काम होईल. याची सगळ्यात लहान पायरी केवढी? आणि याची चूक केवढी असू शकते? मला ज्या फरकावर निर्णय घ्यायचा आहे, तो या दोन्हींपेक्षा मोठा असेल तर आकड्यावर विश्वास ठेवावा. लहान असेल तर पुन्हा मोजावं, कल पाहावा आणि समोरच्या माणसाची तब्येत पाहावी. आमच्या पेशातल्या नव्या डॉक्टरांनाही हेच सांगणं आहे. मॉनिटरवरचा आकडा वाचून झाला की एकदा रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघा.